पाठ उचलणारें घोडें व अबोल विक्री

शेतकऱ्यांच्या मासिकांत घोड्याविषयीं लेख कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत सहज येईल. मोट गेली, तिच्या जागीं इंजिन व पुढें विजेचा पंप आला. तट्टावर बसून आठवड्याच्या बाजारास जाणारा शेतकरी मोटारसायकलीवर बसूं लागला, यासहि आतां एक पिढी लोटली. सरकारी पशुगणनेचे आंकडे हेंच सांगतात. २०१२ सालीं भारतांत घोडीं व तट्टें मिळून सवासहा लक्षांच्या आसपास होतीं, तीं २०१९ च्या गणनेंत सुमारें ३ लक्ष ४० हजारांवर आलीं.

असें असलें तरी आपल्या सोलापूर जिल्ह्यांत घोडें अद्याप दाराशीं बांधलेलें दिसतें. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो आणि त्यांत परप्रांतींचे व्यापारीहि उतरतात. आमचे धनगर बंधू मेंढरें घेऊन फिरतीवर निघाले म्हणजे त्यांचा सारा संसार, दमलेलीं कोंकरें व कोंबड्यांचा खुराडा हें सर्व तट्टाच्याच पाठीवर असतें. याच तट्टांच्या भीमथडी जातीची २०२३-२४ या वर्षांत राष्ट्रीय संस्थेच्या दप्तरीं स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. देशांतील घोड्यांची ही आठवी नोंदलेली जात होय. ज्या तट्टांनीं एके काळीं यमुनेपर्यंत मजल मारली त्यांचें नांव सरकारी कागदांत येण्यास इतकीं वर्षें लागलीं, याचें आम्हां दप्तरांत आयुष्य घालविलेल्या लोकांस फारसें आश्चर्य वाटत नाहीं. असो. नोंदीमुळें भाव चढले, हौस वाढली, आणि ज्यांच्या घरीं दोन पिढ्यांत खोगीर नव्हतें अशा बागाईतदारांच्या दारांत घोडीं आलीं. घोडें आलें, पण घोड्याची विद्या त्याच्याबरोबर आली नाहीं. आजचा आमचा विषय तेथूनच निघतो.

पाठ उचलणें म्हणजे काय, हें ज्यानें एकदां अनुभविलें त्यास सांगावें लागत नाहीं. चालतें घोडें एकाएकीं मान खालीं घालतें, पाठीची कमान करतें, उसळी घेतें आणि दुगाण्या झाडतें. स्वार मांड सांवरतो न सांवरतो तोंच जमिनीवर असतो. जें घोडें रोज असें करतें त्याचें भय फार नाहीं, कारण त्यावर कोणी बसतच नाहीं. भय आहे तें महिन्यांतून एकदां, दोन महिन्यांतून एकदां पाठ उचलणाऱ्या घोड्याचें. मधल्या शांत दिवसांत मालक विसरतो, घरचीं मुलें तर मुळींच लक्षांत ठेवीत नाहींत, आणि नेमक्या त्याच दिवशीं पोरगें उघड्या डोक्यानें पाठीवर असतें.

अशा घोड्यावर आपल्याकडे तीन उपाय चालतात. पहिला काटेरी लगामाचा, दुसरा चाबकाचा, आणि तिसरा म्हणजे पुढल्या बाजारांत मुकाट्यानें विकून टाकण्याचा. काटेरी लगामाविषयीं एवढेंच सांगतों कीं ओढणारीं व ओझें वाहणारीं जनावरें यांसंबंधीं केंद्र सरकारनें १९६५ सालीं केलेल्या नियमांत कांटे, गांठी अगर टोंकें असलेला लगाम वापरण्यास मनाई आहे. (त्याच नियमांत तट्टावर ७० किलोंपेक्षां अधिक ओझें लादूं नये असेंहि आहे.) कायदा बाजूस ठेवला तरी हा उपाय मूर्खपणाचा आहे. तोंडांत दुखलें म्हणून उसळणाऱ्या जनावराच्या तोंडांत अधिक दुखविलें, तर तें उसळणें सोडील कीं वाढवील, याचा विचार बाजारांत लगाम विकणारा करीत नाहीं. घेणाऱ्यानें तरी करावा. चाबकाचें तसेंच. घोड्याच्या मनांत स्वार व वेदना यांची एकदां सांगड बसली म्हणजे ती सोडविण्यास महिने लागतात.

आमच्या मतें पाठ उचलणें ही पुष्कळदां खोड नसून तक्रार असते. मुक्या जनावरास अर्ज करतां येत नाहीं. तें पाठीनेंच अर्ज करतें. इंग्लंडांतील सू डायसन नांवाच्या अश्ववैद्य बाईंनीं २०१८ सालीं स्वाराखालीं चालणाऱ्या घोड्याच्या वेदनेचीं २४ लक्षणें प्रसिद्ध केलीं: कान मागें पाडणें, तोंड वासणें, शेंपूट सारखें हालविणें, आणि त्यांतच पाठ उचलणें व मागें लाथ झाडणें. यांपैकीं ८ किंवा अधिक लक्षणें एकत्र दिसलीं तर घोड्यास कोठें तरी दुखत असण्याचा संभव फार मोठा, असें त्यांचें मत आहे. अशीं घोडीं त्यांच्या मालकांस केवळ हट्टी वाटत असतात.

तेव्हां प्रथम पाठ पाहावी. कण्याच्या दोहों बाजूंनीं तळहात दाबून मानेच्या मुळापासून पुठ्ठ्यापर्यंत न्यावा. एखाद्या जागीं कातडी थरथरली अगर घोडें पाठ खालीं चोरूं लागलें, तर तेथें दुखतें असें समजावें. घाम आलेल्या घोड्याचें खोगीर उतरल्याबरोबर खालची पाठ न्याहाळावी. सगळीकडे ओली आणि मध्येंच एक कोरडा डाग असेल तर खोगिराचा सर्व भार त्या डागावर पडत असण्याचा संभव आहे. पाठीवर पांढऱ्या केंसांचे ठिपके असतील तर पूर्वीं तेथें खोगीर लागलेलें आहे. आमच्याकडील बरींचशीं खोगिरें एका घोड्याच्या मापानें शिवलेलीं असून तीं चार घोड्यांवर फिरतात. बापाची पायतणें मुलास घालून त्यास पळावयास लावण्यासारखाच हा प्रकार आहे. तंग एकदम आवळूं नये. थोडा आवळून घोडें दहा पावलें चालवावें, मग पुन्हां आवळावा. त्यानंतर तोंड. घोड्याच्या वरच्या दाढांस बाहेरून व खालच्या दाढांस आंतून धार येते, गाल व जीभ सोलून निघते. कांहीं घोड्यांस दाढांच्या पुढें एक लहानसा निरुपयोगी दांत असतो, त्यास लगामाचें लोखंड लागतें. हें काम सरकारी पशुवैद्याचें; शेजाऱ्याचें नव्हे.

येथें एक गोष्ट मनांत येते ती लिहितों. बाजारांत आपले लोक घोडें पाहतात तेव्हां भोवरे मोजतात. देवमण आहे कीं नाहीं, गोम कोठें आहे, पंचकल्याणी आहे काय, याची चर्चा तासभर चालते. आणि ज्या पाठीवर बसावयाचें तिच्यावरून कोणी हात फिरवीत नाहीं, ज्या तोंडांत लगाम घालावयाचा तें वय पाहण्यापलीकडे कोणी उघडीत नाहीं. भोवऱ्यावर ज्याची श्रद्धा असेल त्यानें ती खुशाल ठेवावी, पण भोवऱ्यानें कोणाचें हाड मोडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुखणें नसेल तर पुढचा संशय चंदीवर घ्यावा. भाकरी कां करपली, विड्याचें पान कां कुजलें, घोडा कां अडला, या तिन्ही प्रश्नांस एकच उत्तर, हें आपल्या घरोघरीं मुलांस ठाऊक असतें. न फिरविल्यामुळें! तरी हौसेचा मालक काय करतो? आठ दिवस घोडें खुंट्यास अगाडी-पिछाडी घालून उभें ठेवतो, प्रेमानें रोज हरभरा व मका चारतो, आणि रविवारीं पाहुण्यांसमोर त्यावर बसतो. त्या घोड्यानें काय करावें अशी अपेक्षा आहे? घोडें हें मूळचें दिवसभर चरत चालणारें जनावर. त्याच्या पोटास कडबा व गवत थोडें थोडें पण सतत पाहिजे. धान्य कामाच्या मानानें. काम नसेल त्या दिवशीं चंदी कमी, हा नियम जुने मोतद्दार डोळे झांकून पाळीत. आपल्याकडे मोहोळच्या मालदांडीचा कडबा असतांना बाजारांतून पोत्यांनीं दाणा आणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

तिसरें कारण भय. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ चोहोंकडचें दिसतें, परंतु अगदीं कपाळासमोरचें व अगदीं पाठीमागचें दिसत नाहीं. म्हणून मागून अचानक गेलेल्या माणसास लाथ बसते, आणि ऊंसाच्या फडांतून निघालेल्या कुत्र्यानें घोडें उधळतें. त्यांतहि माणसाचें भय घोड्यास लागतें. २००९ सालीं स्वीडनमध्यें एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घोडा हातीं धरून चालविणाऱ्यांस व वर बसणाऱ्यांस सांगण्यांत आलें कीं चौथ्या फेरीस घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाहीं. परंतु ती उघडेल या कल्पनेनें माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि ज्यास छत्रीचें कांहींच ठाऊक नव्हतें त्या घोड्याचेहि वाढले. आतां हें पाठ उचलील अशा धास्तीनें आंवळून बसलेला स्वार काय करीत असतो, तें यावरून समजेल.

हें सर्व खरें, पण आपल्या घोड्यास यांतलें कोणतें कारण लागू आहे हें कसें ओळखावें? येथें आमचा कारकुनी उपाय सांगतों. तो साधा आहे, आणि करणारे थोडे आहेत. रोजनामा ठेवावा. एक शाळकरी वही घ्यावी. घोड्यानें पाठ उचलली कीं त्याच दिवशीं तारीख, वेळ, जागा, कोण बसला होता, कोणतें खोगीर, आदल्या दिवशीं काम किती व चंदी किती, हें एका ओळींत लिहावें. घोडी असेल तर माजाचे दिवसहि लिहावेत, कारण ऋतूच्या महिन्यांत घोडी सुमारें २१ दिवसांनीं माजावर येते आणि त्या दिवसांत कांहीं घोड्या अंगास हात लावूं देत नाहींत. स्मरणावर विसंबूं नये. माणसाचें स्मरण पडलेल्या दिवसाचें असतें, न पडलेल्या दिवसांचें नसतें.

माढा तालुक्यांत आमचे एक बागाईतदार स्नेही आहेत. त्यांनीं एका बाजारांत एक देखणी कुमैत घोडी घेतली. विकणाऱ्यानें ती पहाटेपासून पिटाळून दमवून ठेवली होती हें मागाहून कळलें. खरेदीच्या वेळीं ती मेंढरासारखी गरीब होती. तिसऱ्या आठवड्यांत तिनें त्यांच्या धाकट्या मुलास फेंकलें आणि त्याच्या गळ्याजवळचें हाड मोडलें. घरांत रडारड झाली. कोणी काटेरी लगाम आणून दिला, कोणी पुढच्या बाजाराची तारीख सांगितली. मालकिणीबाईंनीं मात्र विचारलें कीं जिनें आपल्या पोराचें हाड मोडलें ती घोडी न सांगतां दुसऱ्याच्या पोराखालीं कशी द्यावी? या प्रश्नास कोणाजवळ उत्तर नव्हतें, म्हणून घोडी राहिली आणि वही सुरू झाली. दोन महिन्यांत आठ नोंदी झाल्या. त्यांतल्या पांच नोंदी दोन किंवा अधिक दिवस उभें राहिल्यानंतरच्या होत्या. उरलेल्या तीनहि कालव्याच्या एकाच उताराच्या होत्या, मग आदल्या दिवशीं काम झालेलें असो वा नसो. वाड्यावरच्या एका वृद्ध धनगरानें तो उतार व घोडी दोन्ही पाहिलीं आणि विचारलें, "दादा, हिला दुमची कां न्हाई?" उतारावर खोगीर पुढें सरकून मानेच्या मुळाशीं रुतत होतें. दुमची लागली, चंदी निम्मी झाली, रोजची रपेट ठरली. पुढल्या सहा महिन्यांत दोनच नोंदी झाल्या. घोडी निर्दोष झाली असें आम्ही म्हणत नाहीं. वर्षांतून एखादे वेळीं ती अजूनहि पाठ उचलते. परंतु केव्हां उचलील हें आतां घरांत सर्वांस ठाऊक आहे, आणि मूल तिच्यावर एकटें बसत नाहीं.

कारण सांपडल्यावरहि विश्वास पुन्हां पायरी-पायरीनेंच बांधावा लागतो. बसण्यापूर्वीं लांब दोरीवर दोहों बाजूंनीं कावा द्यावा. अंगांतली मस्ती स्वाराखालीं निघण्यापेक्षां दोरीवर निघालेली बरी. दहा मिनिटें पुरे, घोडें फेंसाळेपर्यंत नव्हे. मानेच्या मुळाशीं, जेथें घोडीं एकमेकांस दांतांनीं खाजवितात तेथें, बोटांनीं खाजवावें. फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवर १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत या जागीं खाजविल्यानें घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असें आढळलें. आमच्या धनगरांस हें यंत्रावांचून ठाऊक होतें. खरारा रोज मालकानें स्वतः करावा, गड्यावर सोडूं नये. गर्दी व आवाज यांची संवय हळूहळू लावावी. माउलींच्या पालखी सोहळ्यांतील अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत पायीं चालत येतात आणि मग पुन्हां पंढरीची वाट चालतात. खुडूसच्या व वाखरीच्या रिंगणांत एवढ्या जनसमुदायाच्या मधून ते धांवतात तें एका दिवसाच्या शिकवणीनें नव्हे. याच्या उलट लग्नाच्या वरातींत आदल्या दिवशीं आणलेलें घोडें कर्ण्याच्या भिंतीसमोर व फटाक्यांत उभें करतात, आणि तें उसळलें म्हणजे त्यास बदनाम करतात.

स्वारानेंहि आपला जीव संभाळावा. मोटारसायकलीस लोखंडी टोपी घालण्यास आपण कुरकुरतों, घोड्यावर तर ती घालणें बायकी समजतों. ज्यास डोकें आहे त्यानें तें झांकावें. रिकिबींत पाऊल अर्ध्यापेक्षां पुढें जाऊं देऊं नये. टाचेची पादत्राणें असावींत, म्हणजे पडतांना पाय अडकून फरफट होत नाहीं. पाठ उचलण्यासाठीं घोड्यास मान खालीं न्यावी लागते, म्हणून पहिली चाहूल लागतांच दोन्ही लगाम ओढून झोंबूं नये, तर एका बाजूचा लगाम आखडून त्याचें तोंड गुडघ्याकडे वळवावें व लहान वर्तुळांत फिरवावें. हें शांत दिवशीं, उभ्या घोड्यावर व मग चालीवर शिकवून ठेविलेलें असेल तरच वेळेवर कामास येतें. भरधाव घोड्यास एकाएकीं असें वळविल्यास घोडा व स्वार दोघेहि कोसळतील. आणि ज्याची मांड कच्ची आहे त्यानें चाबुकस्वाराच्या देखरेखीवांचून हा उद्योग करूंच नये. पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

आतां अबोल विक्रीविषयीं. हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों तें मुख्यतः याचसाठीं. पाठ उचलणारें घोडें एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत, अकलूजहून माळेगांवास, माळेगांवाहून सारंगखेड्यास जातें. प्रत्येक मालक गप्प राहतो, आणि प्रत्येक ठिकाणीं एखादें हाड मोडतें. आमचे लोक म्हणतात, बाजारांत कोण कोणास सांगतो? १८७२ च्या कराराच्या कायद्यांत सतराव्या कलमाखालीं कपट म्हणजे काय हें समजाविण्यास जीं उदाहरणें दिलीं आहेत त्यांतलीं पहिलीं घोड्याचींच आहेत, हें फार थोड्यांस माहीत असेल. लिलावांत विकणाऱ्यानें घोड्याचा दोष ठाऊक असून नुसतें मौन धरलें तर तें कपट होत नाहीं, असें एक उदाहरण सांगतें. दुसरें सांगतें कीं घेणाऱ्यानें 'तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन' असें म्हटलें आणि विकणारा गप्प बसला, तर तें मौन बोलण्यासारखेंच धरावें. म्हणजे कायद्याचा सगळा भार घेणाऱ्याच्या एका प्रश्नावर आहे. यास्तव घेणाऱ्यानें साक्षीदारासमोर तोंड उघडावें. आणि विकणाऱ्यानें पाठीवरचे पांढरे केंस रंगविले अगर अशीच दुसरी युक्ति करून दोष दडविला, तर तें नुसतें मौन नव्हे. जाणूनबुजून दडविणें हें त्याच कलमानें कपटांत येतें.

कायद्याच्या दारांत जाण्याची वेळ येऊं नये म्हणून आमची सूचना अशी कीं संघाच्या सभासदांनीं आपसांतील व बाजारांतील प्रत्येक घोड्याच्या विक्रीस एक चार ओळींचा कागद करावा. लाथ मारतें काय, चावतें काय, पाठ उचलतें काय आणि उचलत असल्यास कोणत्या प्रसंगीं, व आजवर कोणास पाडलें काय, एवढ्याच चार गोष्टी. खालीं विकणाऱ्याची सही व दोन साक्षी. त्याबरोबर आठ दिवसांची पारख असावी, आणि त्या मुदतींत घोडें परत आलें तर चंदीचा खर्च कापून रक्कम परत करावी.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं, कीं अशा कागदानें भाव पडेल व गरीब धनगराचें अगर लहान शेतकऱ्याचें नुकसान होईल. भाव थोडा पडेल. परंतु ज्याच्या कागदावर 'उतारावर दुमचीवांचून पाठ उचलते' असें स्पष्ट लिहिलें आहे ती घोडी जाणता माणूस आनंदानें घेईल, कारण तिच्याविषयीं त्यास बाजारांतल्या इतर शंभर घोड्यांपेक्षां अधिक ठाऊक असेल. शिवाय स्वारीस नालायक ठरलेलें घोडें पुष्कळदां ओझ्यास अगर टांग्यास उत्तम चालतें. तें तेथें जावें, पोराच्या मांडीखालीं जाऊं नये. ज्याच्या कण्यांतच असाध्य दुखणें आहे असें पशुवैद्यानें सांगितलें, तें घोडें मात्र कोणीहि कोणासहि विकूं नये. त्याचा चारा ज्यानें आजवर त्याची पाठ वापरली त्यानेंच घालावा.

कागदाचा मसुदा आम्हीं तयार करून संघाच्या चिटणीसांकडे दिला आहे. त्यांत फेरबदल सुचवावयाचे असतील ते सभासदांनीं अकलूजचा बाजार भरण्यापूर्वीं, म्हणजे नवरात्राच्या आंत, लेखी कळवावेत.